प्रल्हादराव नवले पाणी मागतात

टाळ ठेवा खाली. मृदंगवाले बुवा, तुम्हीही जरा हात झाडा — मघापासून इतका जोर लावलाय की पांडुरंग कमरेवरचे हात काढून कानांवर ठेवील! हां. आता मंडळी, ऐका.

लाईट गेलीय. पंखे वटवाघळासारखे नुसते लटकलेत. वैशाखाचं ऊन मांडवाच्या कापडातून गाळून डोक्यावर पडतंय. चालू द्या! आजची गोष्ट उन्हाचीच आहे. पण त्याआधी एक प्रश्न. अवघड काय — देणं, की घेणं?

सांगा! अहो, लाजताय काय? देणं अवघड म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बाप रे! अख्खा मांडव! आता घेणं अवघड म्हणणारे? एक. एकच हात — आणि तोही त्या आजोबांचा, ते पाठ खाजवतायत.

आता मी येताना तुमच्या देवळाच्या पायऱ्या चढलो. अकरा पायऱ्या. अकराही पायऱ्यांवर संगमरवरी पाट्या — कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ, कैलासवासी तमुक यांच्या स्मरणार्थ! मला सांगा, पाय ठेवायचा कुठं? देवाला भेटायला निघालो आणि अकरा जणांचे वडील तुडवून वर आलो! देणाऱ्याला पायरी मिळते, नारळ मिळतो, माईकवर पुकारा होतो. घेणाऱ्याची पाटी पाहिलीय कुठं? 'हे सोपानरावांनी हात पसरून घेतलं' — अशी? नाही ना? मग उत्तराची घाई नको. आधी प्रल्हादराव नवल्यांचं काय झालं ते ऐका.

हे प्रल्हादराव अकोले तालुक्यातले. कालव्यावर निरीक्षक. बत्तीस वर्षं नोकरी. कुणाच्या चारीला किती पाणी, कुणाची पाळी कधी, सगळं यांच्या हातात. उन्हाळ्यात कालव्यावरचा माणूस म्हणजे कोण, ते शेतकऱ्याला विचारा. बायकोचा वाढदिवस विसरेल, पण त्याला रामराम घालायचा विसरणार नाही! पण गडी असा, की बत्तीस वर्षांत कुणाच्या घोटभर चहाचा मिंधा झाला नाही. खांद्याला थर्मास. बांधावर कुणी कप पुढं केला की हा थर्मास दाखवायचा. कुणी गाडीत ऊस टाकला तर वाटेत उतरून तो पहिल्या बैलापुढं ठेवायचा. 'मी कुणाचा मिंधा नाही!' हे वाक्य दिवसातून पाच वेळा.

आता हसू नका. चांगली गोष्ट आहे! असा माणूस खात्यात असेल तर त्याच्या पाया पडा. पण मंडळी, मीठसुद्धा चिमटीनं घालावं, ओंजळीनं घातलं की भाजीची माती होते. प्रल्हादरावांचं तेच झालं. आधी शेतकऱ्याचा चहा नको. मग शेजाऱ्याचा नको. मग पाहुण्याचा नको! लेकीच्या सासरी गेले तर पाण्याची बाटली घरून नेली. विहीणबाईंनी पुरणपोळीचं ताट केलं, तर हे म्हणाले, 'जेवून आलोय.' लेक स्वयंपाकघरात जाऊन रडली. ह्यांना वाटलं, बापाच्या स्वाभिमानानं तिला भरून आलं!

आता या प्रल्हादरावांना एक साडू. म्हणजे यांची बायको इंदुबाई, तिची धाकटी बहीण सिंधुबाई, तिचा नवरा. दशरथ गुंजाळ. संगमनेरला भांड्यांचं दुकान. आणि देवानं काय जोडी लावली बघा! हा माणूस ज्या दारात उभा राहील तिथं जेवणार. ओळख लागत नाही, आमंत्रण लागत नाही. 'वहिनी, फोडणीचा वास रस्त्यापर्यंत आला, म्हणून वळलो!' — झालं, पाट मांडलाच. कुणाच्या घरी गेला की त्या घरच्या म्हातारीला आपला मुलगा परगावाहून आल्यासारखं वाटायचं.

प्रल्हादराव तीस एप्रिलला निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ. शाल, श्रीफळ, भाषणं. समारंभातल्या पेढ्यालासुद्धा यांनी हात लावला नाही, ती गोष्ट वेगळी. घरी आल्यावर दशरथराव म्हणाले, "दाजी, आता तरी माणसात या. माणसावाचून माणसाचं चालतं का?"

"माझं चालतं."

"अहो, इथून राजूरपर्यंत जायचं म्हटलं तरी चार जणांचा हात लागतो!"

प्रल्हादरावांना ते लागलं. तरुणपणी डोंगर भटकलेला माणूस. उठले, भिंतीवरच्या तालुक्याच्या नकाशापाशी गेले आणि बोट ठेवलं. "कळसूबाई. इथून डोंगराच्या धारेधारेनं — रतनगड, हरिश्चंद्रगड, नाणेघाट, थेट भीमाशंकर. दहा दिवस. पायी. पाठीवर सगळा संसार. आणि कुणाच्या दारात पाण्याचा एक थेंब घेणार नाही. विहीर, झरा, टाकं असेल तर स्वतःच्या हातानं काढीन. माणसाच्या हातून काही नाही. बोला!"

"दाजी, मे महिना आहे."

"थंडीत काय, कुणीही जातं."

"मग मीही येतो. साक्षीदार पाहिजे ना!"

दोघींच्या बायकांना वाटली असेल काळजी — अहो कसली! इंदू-सिंधू दोघी एकदम म्हणाल्या, "दहा दिवस? खरंच जाताय?" आणि संध्याकाळच्या आत माहेरी जायच्या पिशव्या भरून तयार!

तयारी सुरू झाली. प्रल्हादरावांनी मोठी सॅक आणली, साठ लिटरची. साठ लिटर हे सॅकचं माप बरं का, पाणी नव्हे. पाणी असतं तर ही गोष्टच झाली नसती. तंबू, स्टोव्ह, डाळ-तांदळाच्या पुड्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, होकायंत्र, मिळून आठ लिटरच्या बाटल्या, आणि एक वही. वजन भरलं चोवीस किलो! सॅक पाठीवर चढवायची तर आधी खाली बसायचं, पट्ट्यात हात घालायचे, आणि मग उठायचं — पण उठायला कुणीतरी हात द्यायला लागतो! तो कसा घेणार? म्हणून हा गृहस्थ ओट्यावर सॅक ठेवून, ओट्याला पाठ लावून ती अंगावर घ्यायचा. डोंगरात ओटा कुठला? मग दगड शोधायचा. पंधरा-पंधरा मिनिटं दगड शोधतोय! दशरथराव सावलीत बसून बघतायत. त्यांच्याकडं भाच्याची शाळेची बॅग. त्यात घोंगडी, पंचा, गूळ-शेंगदाणे, एक बाटली. बास.

पहिला दिवस कळसूबाई. चढले, दर्शन घेतलं, उतरले. अंगाची लाही लाही! मे महिन्यातला सह्याद्री पाहिलाय? पावसाळ्यात फोटो काढायला जाता तो नव्हे. गवत जळून पिवळं, कारवीच्या नुसत्या काड्या, आणि काळा कातळ असा तापलेला की त्यावर भाकरी टाकली तर फुगेल. वारा येतो, पण तो भट्टीतून आल्यासारखा. दुपारी पाखरूसुद्धा बोलत नाही. शहाणं असतं ते. दुपारी बोलतो तो फक्त माणूस आणि माईक.

संध्याकाळी गावात मुक्काम. प्रल्हादरावांनी शाळेच्या पटांगणात तंबू ठोकला. स्टोव्ह पेटवून खिचडी टाकली. ती खालून करपली, वरून कच्ची राहिली. पलीकडच्या घराच्या पडवीत दशरथराव मांडी घालून बसलेले. नागलीची भाकरी, लसणाची चटणी, आमरस! घरधनी, त्याचा म्हातारा, बायका, सगळे हसतायत. दशरथरावांनी हाक मारली, "दाजी, या हो! आंबा रायवळ आहे, पण साखर फिकी पडंल!"

"माझं झालंय."

काय झालं होतं? काही झालं नव्हतं! खिचडीची पातेली मांडीवर घेऊन माणूस तंबूत बसलाय. पडवीतलं हसू ऐकू येतंय. आणि वहीत लिहितोय — 'दिवस पहिला. चौदा किलोमीटर. कुणाचे उपकार — निरंक.' निरंक! सरकारी शब्द आहे. त्या शब्दाखाली त्यानं रेघ ओढली. मग झोप लागेना. मच्छर होते असं तो पुढं सांगायचा. मच्छर नव्हते.

असे पाच दिवस गेले. पायाला फोड आले. खांद्याची सालं निघाली. ओठ चिरले. दशरथराव रोज एकेका घरी जेवले, एका लग्नाच्या पंगतीत तर नवरदेवाच्या शेजारी बसले! हां, खोटं कशाला सांगू, पण हा फुकट्या नव्हता. जिथं जेवला तिथं संध्याकाळभर गप्पा मारून म्हाताऱ्या-कोताऱ्यांना हसवून आला. एका घरी दाराची कडी बसवून दिली. प्रल्हादरावांना मात्र वाटायचं, काय हा निलाजरा माणूस! आणि आपण कसे ताठ!

सहावा दिवस. इथं जरा सावरून बसा.

सकाळी दहाच्या सुमाराला दोघं एका मोठ्या चढणीच्या पायथ्याशी आले. उंबरदरा नावाचा पाडा, पंधरा-वीस घरं. वर माथ्यावर कातळात कोरलेलं जुनं टाकं आहे, तिथं पाणी भरायचं आणि पुढं जायचं, असा प्रल्हादरावांचा हिशेब. समोरून एक बाई आल्या. साठीच्या. डोक्यावर हंड्यावर हंडा, काखेत कळशी, पायांत काही नाही. ठमाबाई धिंदळे. दोघांना बघून थांबल्या.

"कुठं चालला रं बाबांनो, ह्या उन्हाचं?"

"माथ्यावर. टाक्यापाशी."

"टाकं आटलंय. होळीलाच आटलं. हे मपल्या हंड्यातलं घ्या भरून, मंग जा."

प्रल्हादराव म्हणाले, "नकाशात टाकं बारमाही आहे."

"नकाशा आल्ता का तिथं पानी प्यायला?"

दशरथराव फिदीफिदी हसले, बाटलीचं झाकण काढून पुढं झाले. आणि तिथं प्रल्हादराव बोलले — ऐका काय बोलले — "दशरथराव, लाज नाही वाटत? ही माउली या उन्हात डोक्यावर पाणी आणतेय, आणि तुम्ही तिच्या हंड्यात तोंड घालताय?"

वाक्य कसं आहे? चांगलं आहे! टाळ्या पडतील असं आहे! मंडळी, माणसाचा ताठा कधी ताठ्याचा सदरा घालून येत नाही. तो दयेचा सदरा घालून येतो. पार इस्त्री करून! दशरथराव जन्मात पहिल्यांदा ओशाळले. बाटली अर्धी होती, ती तशीच झाकण लावून बॅगेत ठेवली. "ऱ्हाऊ द्या, मावशी," म्हणाले. ठमाबाई दोघांकडं बघत राहिल्या. "तुमची मर्जी," म्हणाल्या आणि गेल्या.

चढ सुरू झाला. झाड नाही, सावली नाही. एक वाजता दोघांच्याही बाटल्या जवळजवळ संपल्या. दोन वाजता माथा आला. टाकं आलं. प्रल्हादराव पुढं धावले. डोकावले.

तळाला भेगा पडलेला गाळ. त्यात एक मेलेला खेकडा, पाय वर केलेला.

मागं काहीतरी पडल्याचा आवाज आला. वळून बघतात तर दशरथराव बसलेत. चेहरा लालबुंद, अंग कोरडं ठणठणीत. घामाचा थेंब नाही! आणि बोलतायत काय — "सिंधू, गिऱ्हाईक आलंय… पितळी पातेलं काढ… वरच्या फळीवरचं…" प्रल्हादरावांनी कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

कालव्यावर त्यांनी दोन मजूर असे गेलेले पाहिले होते. त्यांना ठाऊक होतं हे काय आहे ते. टाक्याशेजारी कातळाची कपार होती, तिथं साडूला ओढत नेलं. सदरा काढला. बाटलीतलं उरलेलं दोन घोट पाणी — एक ओठांवर, एक छातीवर. फोन काढला. रेंज नाही. खाली बघितलं. पाड्याची घरं आगपेट्यांएवढी.

"दशरथराव! ओ दशरथराव!"

"वरच्या फळीवर…"

पळाला, मंडळी, तो माणूस! अठ्ठावन्न वर्षांचा, पायाला फोड आलेला. चोवीस किलोची सॅक तिथंच टाकली आणि घसरत, खरचटत, कारवीच्या काड्या धरत उतरला. डोक्यात एकच. सिंधूला काय सांगू? इंदूला काय सांगू? लाज नाही वाटत, असं मीच म्हणालो. मीच!

पाड्याच्या खाली विहीर. विहीर कसली, खड्डा! आठ-दहा बायका रांगेनं बसलेल्या. एक जण आत उतरलेली. तळाला झरा पाझरतोय, वाटीभर पाणी साठलं की ती वाटीनं कळशीत ओतते. पुन्हा थांबते. पुन्हा वाटी. एक हंडा भरायला पाऊण तास! रांगेत ठमाबाईही होत्या, दुसऱ्या खेपेला आलेल्या.

"आला का नकाशा घिऊन?" त्या म्हणाल्या.

प्रल्हादराव समोर उभे. धापा टाकतायत. वर साडू मरतोय. आणि मंडळी — माणसाच्या तोंडातून शब्द निघेना! 'पाणी द्या.' दोन शब्द. लेकरू बोलायला लागतं तेव्हा पहिल्या पाचात हे दोन शब्द शिकतं. यांची जीभ टाळूला चिकटली. तहानेनं? तहानेनंही. पण तेवढ्यानंच नव्हे. तोंड उघडलं आणि शब्द आले ते हे —

"विहिरीला… पाणी किती आहे?"

अरे देवा! सवय! बत्तीस वर्षांची सवय! बायकांनी एकमेकींकडं बघितलं. एक म्हणाली, "सरकारी हाये वाटतं. मोजायला आलाय."

हसू नका. हसा, हसा — पण तुमचंही असंच होतं, ते नंतर सांगतो.

प्रल्हादरावांनी खिशात हात घातला, पाकीट काढलं. "मी… मी विकत घेतो. पैसे देतो. सांगाल तेवढे."

ठमाबाई उठल्या. पुढं आल्या. रागावल्या नाहीत, पण आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. "सकाळी फुकट देत व्हते तवा नगं म्हनला. आता इकत मागतो? इथं दुकान हाये का? तुला हाये तरी काय बाबा? नीट बोल की!"

आणि मग ते फुटलं. प्रल्हादराव मटकन खाली बसले, त्या बायकांच्या कळश्यांमध्ये, चिखलात. दोन्ही हात पुढं झाले. ओंजळ झाली. आपण ती केली असं त्यांना नंतरही आठवत नव्हतं.

"माझा साडू वर पडलाय. टाक्यापाशी. माझ्यामुळं पडलाय. तो मरेल. मला पाणी द्या, बाई. माझ्याकडं द्यायला काही नाही."

बस्स. एवढंच लागत होतं. ठमाबाईंनी मागं वळून नुसतं "चला गं" म्हटलं. चला गं! त्यात ना चर्चा, ना ठराव, ना अनुमोदक! तीन बायकांनी भरलेले हंडे डोक्यावर चढवले. एक पोरसवदा सून पाड्याकडं पळाली, बाप्यांना बोलवायला. ठमाबाईंनी वाटीतलं पाणी प्रल्हादरावांच्या ओंजळीत ओतलं. "पी आधी. न्हाईतर तुलाबी उचलावं लागंल." ते प्याले. हनुवटीवरून सांडलं. पुन्हा ओंजळ पुढं केली, अहो, स्वतःहून! पुन्हा ओतलं.

आता वर जातायत. बायका अनवाणी, डोक्यावर हंडे, आणि तरी पुढं. प्रल्हादराव रिकाम्या हातानं, आणि मागं! कपारीपाशी पोचल्या. दशरथरावांचं बोलणंही थांबलेलं. श्वास चालू, पण उथळ. आणि ठमाबाईंनी काय केलं? हंडा उचलला आणि अख्खा — मंडळी, अख्खा हंडा! — त्यांच्या अंगावर ओतला.

प्रल्हादरावांच्या तोंडून "अहो!" निघालं. पाऊण तासाचं पाणी! वाटी वाटीनं साठवलेलं! कातळावरून ओघळून चाललंय! ज्या माणसानं तालुक्याला पाणी मोजून दिलं, एका चारीला दहा मिनिटं जास्त गेली तर रात्रभर झोपला नाही, त्याच्या डोळ्यांसमोर त्या बाईनं घरातलं दिवसाचं पाणी न मोजता ओतलं. मग दुसरीनं लुगड्याच्या धडप्याचा पिळा भिजवून मानेला, काखेला लावला. तिसरी पळसाच्या पानांनी वारा घालतेय. दुसरा हंडा ओतला. प्रल्हादराव साडूचे पाय हातात धरून बसलेत आणि ढसाढसा रडतायत. लाज वाटायला शिल्लकच नव्हती!

पंधरा-वीस मिनिटं गेली. दशरथरावांनी डोळे उघडले. सगळ्यांकडं बघितलं. तीन अनोळखी बायका, एक रडणारा दाजी. ओठ हलले. सगळे वाकले. काय म्हणाले असतील? राम राम? पांडुरंग?

म्हणाले, "चहा टाकलाय का?"

बायका अशा हसल्या की समोरच्या कड्यावरून हसू परत आलं!

तोवर बाप्ये आले. घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली, दशरथरावांना खाली आणलं. पाड्यावर एकाची जीप होती, आरोग्य केंद्रात नेलं. सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओलं करून आणलंत, म्हणून आणलंत." पुढचं कळलं सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रल्हादराव सॅक न्यायला उंबरदऱ्यात परत आले. ठमाबाईंच्या घरी गेले. कुडाचं घर, शेणानं सारवलेलं. त्यांनी पाट दिला. चुलीवर चहा उकळत होता, दूध नाही, गुळाचा. कप पुढं केला. कान तुटलेला कप.

प्रल्हादरावांनी दोन्ही हातांनी घेतला. बत्तीस वर्षांनी! चटका बसला तरी सोडला नाही. हळूहळू, फुंकर मारत प्याले. संपल्यावर कप तसाच धरून बसले. मनात केवढं काय काय! शेवटी म्हणाले, "ठमाबाई, मी… मी तुम्हाला काय देऊ?"

ठमाबाई म्हणाल्या, "कप दे. येकच हाये. मला प्यायचाय."

आहे का उत्तर यावर? चारी वेद चाळा!

पुढं काय झालं म्हणता? दशरथराव चार दिवसांनी उभे राहिले. सिंधुबाईंनी दोघांना जे ऐकवलं, ते या व्यासपीठावरून सांगता येत नाही. यात्रा अर्धी राहिली होती. दिवाळीनंतर, गार वाऱ्याचं, दोघं पुन्हा निघाले, आणि उरलेली वाट पुरी केली. पण प्रल्हादरावांना घ्यायचं प्रमाण कुठं माहीत होतं? नवशिका गडी! कुणाला नाही म्हणेनात! एका दिवसात सात घरचा चहा, तीन घरची भाकरी, वर ताकाचे चार पेले. भीमाशंकरला पोचेपर्यंत पोट असं बिघडलं की देवळाच्या रांगेतून तीनदा बाहेर पडावं लागलं! दशरथराव म्हणाले, "दाजी, दमानं. घेणं हीसुद्धा विद्या आहे. मला चाळीस वर्षं लागली!"

आणि पुढच्या उन्हाळ्यात प्रल्हादराव उंबरदऱ्याला गेले, ठमाबाईंसमोर उभे राहून म्हणाले, "उपकार फेडायला आलोय. टाक्याचा गाळ काढून देतो." ठमाबाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. "फेडायला आला आसंल तर जा माघारी. गाळ काढायला आला आसंल तर ती टोपली घे, रांगंत उभा ऱ्हा." त्यांनी टोपली घेतली. त्या पोरसवदा सुनेच्या पुढं आणि एका म्हाताऱ्याच्या मागं उभे राहिले. म्हाताऱ्यानं टोपली उचलू लागायला हात दिला. त्यांनी तो घेतला.

तर मंडळी! सुरुवातीला अख्ख्या मांडवानं हात वर केला होता — देणं अवघड! आता हात वर करायला नाही सांगत, मला दिसतंय.

तुम्ही सगळे देणारे. वा! पण मला सांगा, सासूबाई, गुडघा धरून बसता, पण 'सूनबाई, जरा उठव गं' हे तोंडातून निघतं का? 'मी काही लुळी झाले नाही अजून!' निघतं ते हे. सूनबाई, तुम्ही ताप अंगावर काढून धुणं धुता, पण जावेला म्हणता का, आजचं तू कर? अहो दादा, पोराच्या मोबाईलवर काहीतरी भरायचंय, येत नाही, तर दोन दिवस चष्मा पुसत बसता, पोराला विचारत नाही! आणि मी? महाराज? मी मागच्या वर्षी पाठ धरली तर पाच दिवस घरात वाकून फिरलो आणि शिष्यांना सांगितलं, 'जमिनीला नमस्कार चाललाय!' मीसुद्धा तुमच्यातलाच!

देव देतो म्हणता. देईल हो! पण तो काय स्वतः हंडा घेऊन येतो? ठमाबाईला पाठवतो. आणि तिला तुम्ही नकाशा दाखवता!

आता शेवटचं. या मांडवात दोन सख्खे भाऊ बसलेत. नाव घेत नाही. एक डाव्या खांबाला टेकलाय, एक उजव्या. इकडं-तिकडं बघू नका, सगळ्यांना माहीत आहे! दोघांची विहीर एक, बांध एक, आई एक. बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली. दोघंही मला वेगवेगळे येऊन भेटले. दोघंही म्हणाले, 'महाराज, त्यानं येऊ द्या, मी काय पाहिजे ते देतो.' देणारे दोघं! मागणारा एकही नाही!

म्हणून आज देऊ नका कुणी काही. दोघांतल्या एकानं उठायचं, मधली ही दहा पावलं चालायची, आणि दुसऱ्याकडं काहीतरी मागायचं. जमीन नको, माफी नको. चिमूटभर तंबाखू माग! हो, कीर्तनात! मी सांगतो ना! पांडुरंगाला मी समजावतो.

मागं पंगतीची तयारी झालीय, आमटीचा वास मलाही येतोय. पण आरती होणार नाही, पान वाढलं जाणार नाही, आणि या मांडवातून कुणी हलणार नाही. मला घाई नाही. मी उभा आहे.

मृदंगवाले बुवा — हळूच ताल धरा. कुणीतरी उठतंय.